बंद पडलेली दगडखाण आणि आपलं लहानपण

टेकडीकर

पुण्यात ज्यांचं लहानपण गोखलेनगर, जनवाडी, वडारवाडी, पांडवनगर या पट्ट्यात गेलं त्यांना वेताळ टेकडीवरची जुनी खाण वेगळी सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात, शहराच्या मधोमध समुद्रसपाटीपासून साधारण २६०० फूट उंचीची टेकडी, वर वेताळबाबाचं देऊळ, आणि पठारावर काळ्या दगडाची भलीमोठी खाण. आम्ही शाळेत असताना तिथे काम वगैरे काही चालू नव्हतं. आमचे आजोबा शनिवार पेठेतले, १९६१ च्या पानशेतच्या पुरात घर गेलं आणि मग इकडे वसाहतीत आले, त्यामुळे टेकडी हेच आमचं अंगण.

मे महिन्याच्या सुट्टीत सकाळी चहा-चपाती खाऊन जे निघायचो ते थेट दुपारी ऊन असह्य झालं की परत. करवंदं खायची, बेचकीने नेम धरायचा (पक्ष्यांवर नाही, डब्यावर), खाणीच्या कड्यासमोर उभं राहून एकमेकांच्या नावाने बोंब ठोकायची आणि ती परत येते का ऐकायची. कड्याच्या दगडात उभ्या अर्ध्या नळीसारख्या खाचा असायच्या, सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांचा उरलेला अर्धा भाग, त्यात हात घालून कुणाचं भोक किती खोल जातं हे मोजायचं. पावसाळ्यात तळाला पाणी साचलं की बेडूकमासे बरणीत भरून घरी आणायचे, आई दुसऱ्या दिवशी सगळे परत सोडून यायला लावायची.

आणि सगळ्यात मोठा धंदा म्हणजे गारगोट्या. पांढऱ्या, दुधी, कधी फिकट हिरव्या, कधी नुसत्या सुयांसारख्या काड्यांचा झुपका. एका हिरव्या खड्याला दोन-तीन पांढरे असा आमचा भाव ठरलेला होता आणि त्यावरून भांडणं व्हायची. रात्री अंथरुणात पांघरूण डोक्यावरून घेऊन दोन पांढऱ्या गारा एकमेकींवर घासल्या की आतून उजेड चमकायचा आणि एक जळकट वास यायचा, तो वास मला अजून येतो.

धागा काढायचं कारण असं की बहीण नगर रोडकडे राहते, तिच्या गावाजवळच्या बंद खाणीत आता गाड्याच्या गाड्या राडारोडा येऊन पडतोय, वर्षभरात खाण बुजेल म्हणतात. तिथली पोरंही आमच्यासारखीच तिथे वाढली. तर तुमच्या गावची, वस्तीची खाण असेल तर लिहा. काय खेळायचात, काय सापडायचं, आता तिथे काय आहे.

जांभाचिरा

मस्त धागा. आमच्याकडे काळा दगड नाही, जांभा. रत्नागिरी जिल्ह्यात लांजा-राजापूर बाजूला सड्यावर (म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर) जाल तिथे चिरेखाणी दिसतील, तुमच्या खाणीसारखा कडा नाही तर चौकोनी कापलेले खड्डे, भिंती अगदी सरळ ओळंब्यात, त्यावर कापल्याच्या रेघा. आमच्या वाडीमागे एक जुनी हातानं कापलेली खाण होती, फार खोल नाही, पुरुष-दीड पुरुष. तिथेच आमचं क्रिकेट. तिन्ही बाजूंना भिंती त्यामुळे बॉल कुठे जायचा प्रश्नच नाही, भिंतीला टप्पा न पडता लागला की आउट, असे आमचे नियम. अख्ख्या कोकणात बॉल दरीत घालवून बसायची सवय, आमच्या टीमला तो त्रास नव्हता.

जांभ्याची गंमत म्हणजे खाणीतून काढला तेव्हा बराच मऊ असतो, ओला असतो, कोयतीने सुद्धा त्यावर नाव कोरता येतं, आणि उन्हावाऱ्यात सुकला की कडक होतो. आम्ही ताज्या कापलेल्या बाजूवर आपापली नावं कोरून ठेवायचो. माझ्या काकाचं नाव मी वाचलेलं आहे तिथे.

पावसात तोच सडा बघायला या. खाणी भरतात, कातळावर गेंद फुलतात पांढरे, आणि जांभळ्या-निळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा. ती आसवं किडे खाऊन जगतात हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं, लहानपणी नुसते गजरे करायचो आणि ते घरी पोचेपर्यंत सुकायचे.

पश्चिम_उपनगर

गारा घासून उजेड!!! अगदी अगदी. हे मी कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत.

आम्ही अंधेरीचे. गिल्बर्ट हिलच्या जवळ. आता ती टॉवरांच्या आणि झोपड्यांच्या मध्ये एकटी उभी आहे, २०० फुटांचा काळ्या खांबांचा सुळका, वर गावदेवीचं देऊळ. आजूबाजूचा दगड खणून नेला म्हणून ती अशी एकटी राहिली. दगड कसा तर उभे उभे बहुकोनी खांब एकमेकांना चिकटलेले, लाव्हा गार होताना आकसला की असे तडे जातात म्हणे. १९५२ साली तिला संरक्षण मिळालं तरी पायथ्याशी कुरतडणं चालूच राहिलं बरीच वर्षं, २००७ मध्ये वारसा यादीत घेतली. आम्ही पायऱ्यांनी वर जाऊन पतंग उडवायचो आणि कटलेला पतंग खाली कुणाच्या पत्र्यावर पडला की त्यांच्या शिव्या खात आणायला जायचो.

मालाडचा दगड, कुर्ल्याचा दगड ही नावं मुंबईच्या जुन्या इमारतींवर लिहिणारी माणसं नेहमी घेतात. राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या दगडाचा. पण तो दगड जिथून निघाला ते खड्डे, तिथली वस्ती, त्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हा धागा आवडला.

भूशास्त्र_मास्तर

टेकडीकर, तुमच्या हिरव्या खड्यांबद्दल थोडं लिहितो, आयुष्यभर हेच शिकवलं आहे त्यामुळे राहवत नाही.

आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थरावर थर. प्रत्येक थर गार होताना त्यातला वायू वर येतो आणि थराच्या माथ्याकडे बुडबुडे अडकून राहतात, म्हणून कड्याकडे नीट बघितलंत तर खालचा दगड घट्ट आणि वरचा भोकाभोकांचा दिसेल. पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून गरम पाणी फिरलं आणि दगडातून विरघळलेले क्षार आत हळूहळू स्फटिक होऊन बसले. सुयांचा झुपका बहुतेक स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. गुलाबी-पिवळसर, जुडी बांधल्यासारखा असेल तर स्टिल्बाइट. तुमचा फिकट हिरवा चौकोनी खडा म्हणजे अपोफिलाइट असण्याची शक्यता जास्त, त्याला हिरवा रंग थोड्याशा व्हॅनेडियममुळे येतो. हे सगळे झिओलाइट आणि त्यांचे सोबती. घासल्यावर चमकायचे ते मात्र क्वार्ट्झ, झिओलाइट त्या मानाने मऊ, ते घासले असतेत तर नुसता चुरा झाला असता.

आणि नगर रोडचा विषय निघालाच आहे तर वाघोलीच्या खाणी. तिथे कॅव्हन्साइट सापडतो, गडद निळ्या रंगाचे छोटे गोळे, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगनमध्ये नोंदलं गेलं १९७३ च्या सुमारास, पण जगभरच्या संग्रहालयांत जे उत्तम नमुने आहेत ते आपल्या वाघोलीचे. खडी फोडायला काढलेल्या दगडात हे मिळालं. खाण नसती तर ते आतच राहिलं असतं हेही खरं. नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी नावाचं संग्रहालय आहे, मुलांना नक्की घेऊन जा, एवढे मोठे झिओलाइट एका जागी दुसरीकडे बघायला मिळणं कठीण.

टेकडीकर

मास्तर काय सांगता! म्हणजे आमचा भाव बरोबर होता, हिरवा महागच. धन्यवाद, फार छान समजावलंत.

खणभाग_सांगली

आमच्याकडं खाण नाही म्हणत, खण. सांगलीत तर अख्खा एक भागच खणभाग. आणि मामाचं गाव कोल्हापूर म्हणजे रंकाळा आणि त्याच्या शेजारची इराणी खण, आता गणपतीत विसर्जन तिथं करतात. रंकाळासुद्धा मुळात दगडाची खाणच, अंबाबाईच्या देवळाला दगड तिथनं नेला असं जुनी माणसं सांगत्यात.

आमचं सगळं लहानपण पवण्यात गेलं. पाठीला भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून मामा वरनं सोडून द्यायचा, चार दिवस डबा, मग डबा काढून टाकायचा न सांगता. काठावरनं मुटका कोण लांब मारतो, कुणाचं पाणी जास्त उडतं, तळातली माती कोण आणतो मुठीत. माती आणली की तो त्या दिवसापुरता राजा. घरी येताना डोळे लाल, आज्जीला लगेच कळायचं, ती काही बोलायची नाही, नुसतं गरम भाकरी आणि दही पुढं ठेवायची.

निळी_गार

सगळ्यांच्या पोस्टी वाचतेय आणि लक्षात येतंय की आतापर्यंत सगळ्या पोरांच्या आठवणी आल्यात. आम्हा मुलींना खाणीवर खेळायला कोण सोडतंय. आम्ही जायचो ते कामाला, आणि त्या कामातच खेळ.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. गावाबाहेर रस्त्याच्या कामासाठी खणलेली खाण होती, ती पावसाने भरायची आणि दिवाळीनंतरपर्यंत पाणी टिकायचं. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी धुणी काढायची, गोधड्या, वाकळा, पोती, सतरंज्या, आणि अख्ख्या आळीतल्या बायका बैलगाडीत ते भरून खाणीवर. खाणीच्या एका अंगाला गाडीरस्ता उतरत गेलेला होता, जिथून पूर्वी दगड भरून गाड्या वर यायच्या, तिथे उतारावर पाणी गुडघाभर. तिथे आई, काकू, मावश्या गोधड्या आपटायच्या आणि आम्ही त्या पायांनी तुडवायच्या, चार पोरी हात धरून गोल फिरत. गोधडी ओली झाली की दोघींना उचलत नाही, मग दोन टोकं धरून पीळ घालायचा. सगळ्या खाणीच्या दगडांवर गोधड्या वाळत घातलेल्या, लाल, हिरव्या, जुन्या लुगड्यांच्या. कुठली गोधडी कुणाच्या लुगड्याची हे बायका एकमेकींना सांगायच्या, मेलेल्या सासवांच्या गोष्टी निघायच्या, आणि त्या गोष्टी घरी कधी ऐकायला मिळायच्या नाहीत कारण घरी पुरुष असायचे. मला माझ्या पणजीबद्दल जे काही माहिती आहे ते त्या खाणीवर ऐकलेलं आहे.

आमच्या वर्गातला एक मुलगा त्याच खाणीत गेला. उताराच्या बाजूला नाही, पलीकडे जिथे कडा सरळ खाली जातो तिथे. सातवीत होता. नंतर एक वर्ष कुणी धुणं घेऊन गेलं नाही तिकडे, मग परत सुरू झालं, कारण नळाला पाणी नव्हतं. त्याची आई सुद्धा यायची. ती कड्याकडे पाठ करून बसायची.

म्हणून मला दोन्ही वाटतं. ती जागा माझी आहे आणि तिची मला भीतीही वाटते.

खणभाग_सांगली

ताई, वाचून गलबललं. आम्ही मुटके मारलेले लिहिले खरं पण तुमचं बरोबर आहे.

उतारा_पाणी

निळी_गार यांच्या पोस्टवरून लिहितोय, कारण पोहायला शिकवतो आणि पोरं वाचावीत असं मनापासून वाटतं. दर उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात पेपरात खाणीतल्या बुडाल्याच्या बातम्या असतात आणि त्यात पोहता येणारीही असतात.

विहिरीला पायऱ्या असतात, नदीला उतार असतो. खाणीला काठच नसतो. पाऊल टाकलं की एकदम पुरुषभर नाहीतर पाच पुरुष. बाहेर यायचं म्हटलं तर धरायला काही नाही, कडा सरळ आणि शेवाळलेला. पाण्याखाली दगडाचे टप्पे सोडलेले असतात ते वरून दिसत नाहीत, त्यामुळे सूर मारणं म्हणजे मान मोडून घेणं. आणि सगळ्यात फसवं म्हणजे थंडी, वरचं हातभर पाणी उन्हाने कोमट असतं आणि खाली गेलं की एकदम गार, श्वास अडकतो, पायाला गोळा येतो, तिथे चांगला पोहणाराही घाबरतो. तळाला दगडाच्या भुकटीचा गाळ असतो, पाय रुतला की पाणी गढूळ होतं आणि शोधणाऱ्याला काही दिसत नाही. मुठीत माती आणायचा खेळ तर कृपा करून कुणी मुलांना शिकवू नका.

कुणी बुडताना दिसलं तर मागून उडी मारू नका, एकामागे एक जातात ते असेच. दोर, साडी, ओढणी, लांब काठी, रिकामा प्लास्टिकचा कॅन, जे असेल ते फेका, स्वतः आडवे झोपून फेका आणि ओरडून माणसं गोळा करा. बाहेर काढल्यावर पोटातलं पाणी काढायला उलटं धरत बसू नका, श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला सुरुवात करा, आणि १०८ ला फोन.

सुतकी

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लिहितो.

आम्ही वडार. टेकडीकरांनी वर वडारवाडीचं नाव घेतलंय, आमचं मूळ तिथलंच. तुम्ही ज्या भोकांत हात घालून खोली मोजायचात तशी भोकं माझ्या आजोबांनी पाडलेली आहेत. कुठल्या खाणीत कुठली ते मला सांगता येणार नाही, त्यांनी पुण्याच्या आसपास बऱ्याच खाणींवर काम केलं. पहार धरायची एकाने, घण मारायचा दुसऱ्याने, प्रत्येक घावाला पहार थोडी फिरवायची, आतली भुकटी पाणी ओतून काढायची, अशी दिवसभर करून हातभर-दोन हात भोक. मग दारू ठासायची, वात लावायची, लाल फडकं दाखवून ओरडायचं आणि पळायचं. उडाली नाही तर कुणीतरी परत जाऊन बघायचं, ते सगळ्यात वाईट.

आजी खडी फोडायची. जुन्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायचा म्हणजे चिपा डोळ्यात उडत नाहीत, तरी उडायच्याच. मजुरी ब्रासवर, म्हणजे १०० घनफूट खडीचा ढीग झाला की पैसे. चार काठ्यांवर गोणपाट टाकून सावली, त्या सावलीत माझी आई झोळीत. आई म्हणते तिला झोप यायला अजून ठोक्यांचा आवाज लागतो.

मला राग नाही आलेला, चुकीचं समजू नका. माझी आई आणि तिची भावंडं पण खाणीत खेळलीच की, चालू खाणीत, ढिगाऱ्यावरून घसरगुंडी करायची, आणि तुम्ही जमवायचात त्या गारा तीही जमवायची, दगड फुटला आणि आत पांढरं चमकलं की आजोबा तो तुकडा बाजूला ठेवायचे तिच्यासाठी. पण बंद खाण म्हटलं की तुम्हाला खेळ आठवतो आणि आमच्या घरात खाण बंद पडली म्हणजे काम गेलं, दुसरी खाण शोधायची, पालं उचलायची. आईची शाळा त्यातच सुटली. आता वाघोलीकडे खाण कामगारांच्या मुलांसाठी पाषाण शाळा चालवतात, संतुलन नावाची संस्था आहे, ते बघून आईला फार बरं वाटलं होतं.

या धाग्यात खाणीच्या आठवणी लिहिताय तर ज्यांनी ती खणली त्यांचंही त्यात असावं एवढंच वाटलं.

टेकडीकर

सुतकी, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. इतकी वर्षं त्या खाचांत हात घातले आणि त्या पाडणारं कुणी आमच्यापासून पाच मिनिटांवर राहत असेल हे कधी मनातही आलं नाही. शाळेत आमच्या वर्गात वडारवाडीतली मुलं होती, त्यांच्या घरी या गोष्टी असणार, आम्ही विचारलं नाही. तुमच्या आईंना जे आठवतंय ते जमेल तेवढं लिहाच.

जांभाचिरा

+१, सुतकी दादा लिहा.

आमच्याकडे आता हाताने कुणी चिरे कापत नाही, मशीन येतं, रुळांवर चालणारं, गोल पातं फिरतं आणि लाल धुरळा लांबून दिसतो. कामगार बहुतेक विजापूरकडचे, त्यांची मुलं खाणीच्या कडेला झोपड्यांत. आणि खाणी आता एवढ्या खोल की वरून बघितलं तर पोटात गोळा येतो, आमचं क्रिकेट वगैरे विसरा.

अजून एक काळजी, सड्यावर कातळशिल्पं आहेत. कशेळीचा मोठा हत्ती, उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, ही नावं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण यादीत नसलेली कितीतरी आहेत आणि चिरेखाण कुठे पडेल सांगता येत नाही. आम्ही लहानपणी गुरं राखताना अशा रेघांवर बसून पेजेचा डबा खाल्लाय, मोठी माणसं म्हणायची पांडवांनी काढलंय. चिरा काढायला विरोध नाही, माझं स्वतःचं घर चिऱ्याचं आहे, पण आधी एकदा कातळ झाडून बघा की खाली काय आहे.

राडारोडा_नको

मूळ मुद्द्यावर येतो, खाण बुजवणं. बांधकामाचा राडारोडा, त्यात प्लास्टर, रंग, प्लॅस्टिक, थर्माकोल सगळं, हे पाण्यात पडतं आणि तेच पाणी भेगांतून आजूबाजूच्या विहिरी-बोअरला जातं. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतूनच चालतं, मास्तर सांगतील. बऱ्याच गावांत उन्हाळ्यात टँकर खाणीतून भरतात. सुप्रीम कोर्टाने २०१२ साली सांगितलं की गौण खनिजाची (दगड, मुरूम, वाळू वगैरे) खाण ५ हेक्टरपेक्षा लहान असली तरी पर्यावरण मंजुरी लागेल. आणि खाण बंद करताना जागा नीट करून देणं अपेक्षित असतं, पण जुन्या खाणींना कुणी वालीच नाही.

माझं मत, बुजवूही नये आणि तशीच उघडीही ठेवू नये. एका बाजूने मुरूम-दगड टाकून उतार करा, निळी_गार ताईंच्या गाडीरस्त्यासारखा, म्हणजे माणूस आणि जनावर दोन्ही बाहेर येऊ शकतात. कड्याच्या बाजूला वरून कुंपण. एक सरळ कडा मात्र हात न लावता ठेवा, अशा बंद खाणींच्या कपारीत शृंगी घुबडं घरटी करतात, त्यांना माणसाने सोडून दिलेला कडा चालतो.

भूशास्त्र_मास्तर

पाण्याचं बरोबर आहे. फक्त एक भर, सगळ्याच खाणी पाणी मुरवत नाहीत. तळाला घट्ट बेसाल्ट असेल तर नुसतं साठतं आणि बाष्प होऊन जातं, भेगाळ किंवा भोकाभोकांचा थर उघडा पडला असेल तर मुरतं. ठरवण्याआधी आजूबाजूच्या विहिरींची पातळी पावसाआधी आणि पावसानंतर मोजून बघा, खाणीतलं पाणी उतरतं तसं विहिरीचं वागतं का ते कळेल. दोरी आणि दगड पुरे, यंत्र नको. आणि मुलांना घेऊन मोजा, त्यांना आवडतं.

निळी_गार

राडारोडा_नको, उताराचं अगदी पटलं. आणि कुंपण घालाल तर बायकांना विचारून घाला, धुण्याची बाजू बंद केली तर बाया कड्याच्या बाजूने उतरतील आणि ते जास्त धोक्याचं.

टेकडीकर

बहिणीशी कालच बोललो, हा धागा तिला वाचून दाखवला. ग्रामसभेत विषय ठेवायचा म्हणतेय. तिला तीन गोष्टी सांगितल्या, राडारोडा आधी थांबवायचा, उताराची बाजू कुठली हे धुणं धुणाऱ्या बायकांना विचारायचं, आणि काठावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम टांगून ठेवायची. विहिरींची मोजणी तिथल्या शाळेतल्या सरांना सांगून बघते म्हणाली. मास्तर, शाळेत तुम्ही एकदा याल का? जायची-यायची सोय मी करतो.

भूशास्त्र_मास्तर

येतो की. पावसाआधी ठेवा, खाली उतरून थर दाखवता येतील. हातोडी आणि भिंग माझ्याकडे आहे, मुलांना टोप्या आणि बूट सांगा.

सुतकी

मी पण येतो आणि आईला घेऊन येतो. ती म्हणाली दगड कुठून फुटेल हे बघून सांगता येतं, त्याची नस असते, ती पोरांना दाखवीन. आजोबांची सुतकी, दगड फोडायचा हातोडा, घरी आहे, दांडा नवीन घातलाय, ती आणू.